आणि पार्टी

"मावशी, तुमचं नाव असलेला छापील कागद हवाच. त्याशिवाय लेखात नाही हो घेता येणार," कीर्तीने तिसऱ्यांदा सांगितलं.

कौसाबाईंनी ट्रंक पालथी घातली. खरवईतल्या त्या दोन खोल्यांत तीस वर्षांची पत्रकं पसरली. भीमजयंतीची, बुद्धपौर्णिमेची, कुठल्या कुठल्या गावची. प्रत्येकावर एकच ओळ : शाहीर हरिचंद्र आणि पार्टी. हरिचंद्र म्हणजे कौसाबाईंचे यजमान. ते डफ वाजवायचे आणि मधूनमधून दोन शब्द बोलायचे. गाणं सगळं बाईंचं.

कीर्ती अंबरनाथच्या एका कलाविषयक पाक्षिकात नवी होती. २००४ च्या जयंती अंकासाठी तिला जलशांवर लेख दिला होता. संपादक कमळाकरांनी लेखकांसाठी अकरा नियम टाइप करून भिंतीला चिकटवले होते. त्यातला चौथा : कलाकाराच्या तोंडी सांगण्यावर विसंबू नये, छापील पुरावा पाहावा. मागे एका गृहस्थाने कधी न केलेल्या भूमिका पाक्षिकात छापून आणल्या होत्या आणि तीन महिने निषेधाची पत्रं येत राहिली. दुधाने तोंड पोळलेले कमळाकर तेव्हापासून ताकही फुंकून पीत. कीर्ती त्यांच्याही वरताण. बाकीचे लेखक त्या नियमांना हसायचे, हिने ते पाठ केले होते.

"कागद नाय, पण गळा हाय ना," कौसाबाई म्हणाल्या आणि गाऊ लागल्या.

साठी उलटलेली बाई. वर चढताना आवाज जरासा थरथरला, मग असा सुटला की शेजारच्या बायका हातातलं काम टाकून दारात आल्या. हरिचंद्र कोपऱ्यात मान खाली घालून बसले होते. कीर्तीचे डोळे भरून आले. निघताना बाईंनी तिचा हात धरला. "एकदा नाव बघायचंय गं छापलेलं. लय नाय, एक ओळ."

लेख वाचून कमळाकरांनी मान वर केली. "या बाई गातात, हे तू स्वतः ऐकलंस?"

"ऐकलं, सर."

"मग तू जबाबदारी घेत असशील तर नाव घालू."

नुसतं हो म्हणायचं होतं. पण नोकरी नवी, समोर भिंतीवर चौथा नियम, आणि उद्या कुणी विचारलं तर? "छापील काहीच नाही, सर," कीर्ती म्हणाली. कमळाकरांनी तिला शाबासकी दिली. अंकात छापून आलं : शाहीर हरिचंद्र आणि पार्टी.

अंक द्यायला ती खरवईला गेली नाही, टपालाने पाठवला. कुठल्या तोंडाने जाणार होती?

दीड महिन्याने हरिचंद्र स्वतःच कचेरीत आले. "जय भीम, ताई," म्हणाले आणि खिशातून एक नवंकोरं कार्ड काढून तिच्या टेबलावर ठेवलं. सगळ्यात वर ठळक टाइपात छापलं होतं : गायिका कौसाबाई. यजमानांचं नाव त्याखाली, बारीक.

कीर्ती आनंदाने खुर्चीतून उठलीच. "अहो काका, मिळालं की! पुढच्याच अंकात घेते. कार्यक्रम कधी आहे?"

हरिचंद्रांनी खालच्या ओळींवर बोट ठेवलं. तिने त्या वाचल्या. जलदान विधी व शोकसभा, येत्या रविवारी सकाळी अकरा वाजता. ती पुन्हा खुर्चीत बसली.

"हा कागद चालंल ना?" त्यांनी विचारलं. "पत्रकं जन्मभर मीच छापून घेतली, ताई. दर वेळी ती म्हणायची, औंदा माझं पण नाव टाका."