प्रेबेनची साठी

हेनिंगचा आणि माझा पहिला डान्स अल्बम आला, तेव्हा प्रेबेनने पेपरात लिहिलं, "यातली एकही चाल दारापर्यंतसुद्धा लक्षात राहत नाही." लोक डिस्कोत नाचत राहिले, पण कंपनीने आम्हाला पुन्हा दारात उभं केलं नाही. वर हा मेला पुढे माझ्या मावसबहिणीचाच नवरा झाला! मी डूख धरूनच होते.

काल त्याची साठी झाली. आमच्या डेन्मार्कात अशा वेळी घरचेच उत्सवमूर्तीवर गाणं रचतात, तेही सगळ्यांना येणाऱ्या चालीवर. पाहुणे गातात, त्याने हसत ऐकायचं.

त्याच्या लेकीने, सिग्नेने, कागद वाटले. पहिल्याच ओळीला प्रेबेनचा चेहरा पडला. चाल आमच्या अल्बममधली होती! त्याची म्हातारी सासूसुद्धा टेबल बडवत गात होती. मी मुद्दाम त्याच्यासमोर बसून सगळ्यांत मोठ्याने गायले.

"हीच चाल बरी सापडली तुला?" त्याने दातओठ खात लेकीला विचारलं.



"म्हणजे काय, बाबा? रोज दाढी करताना तूच तर गुणगुणतोस!"