कच्ची माती

जवळचं माणूस गमावलेल्यांच्या गटात या उपायात समुपदेशक बाईंचा हातखंडा होता. "दुःख म्हणजे तुम्ही नव्हे. त्याची गोष्ट सांगा, सांगता सांगता ते मातीत घडवा आणि अंगणातल्या झाडाखाली ठेवून द्या. पुढचं पाऊस बघून घेईल." नमुना म्हणून बाईंनी स्वतः तान्ह्या बाळाची एक इवलीशी मूठ केली, अगदी नखांसकट, आणि सगळ्यांच्या आधी झाडाखाली ठेवली.

बेकरीवाल्या काकांनी गेलेल्या बायकोची वेणी केली. पाव वळून वळून तयार झालेले हात, तीन पेड झरझर गुंफले गेले. "घरी नेतो, उद्या आणून ठेवतो," एवढंच म्हणाले.

आठवडाभर पावसाने झोडपून काढलं. पुढच्या बैठकीला सगळे झाडाखाली जमले, तर तिथे नुसता चिखल. कुणी सुस्कारा सोडला, कुणी डोळे पुसले. एकटी वेणी तेवढी जशीच्या तशी, पेडन् पेड शाबूत.

"काका, ही विरघळली कशी नाही?"

काका ओशाळले. "चुकलंच, मॅडम. पाव काढून झाल्यावर भट्टीतल्या निखाऱ्यांत पुरली होती. कच्चं काही बाहेर ठेवायची या हातांना सवय नाही हो. आता ही काही जायची नाही."

बाई त्यांची समजूत घालायला पुढे झाल्या, पण नजर मुठीच्या जागेवरून हलेना. बाकीचे आत गेल्यावर त्यांनी हळूच विचारलं,

"तशीच मूठ पुन्हा जमली, तर ती किती वेळ भाजायची, काका?"