सोबतीची खाट

सिद्रामप्पांनी तिसऱ्यांदा घंटी वाजवली आणि डोळे मिटून मरणाऱ्या माणसासारखे पडून राहिले.

सिस्टर बानो आली. आधी दोनदा आली होती तशीच. ना धावत, ना रेंगाळत. पहिल्यांदा त्यांनी पाणी मागितलं होतं. दुसऱ्यांदा तेच पाणी मुद्दाम चादरीवर सांडलं होतं. आता ते नुसतं "सहज वाजवली" म्हणाले.

"सहज वाजवायलाच ठेवली हाय, आप्पा," बानो म्हणाली आणि उशी सारखी करून गेली.

सिद्रामप्पांनी मनात शेरा मारला : समाधानकारक. उभ्या नोकरीत याच्या वरचा शेरा त्यांनी कुणालाच दिला नव्हता.

शाळा तपासण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्या माणसाला निवृत्तीनंतर कुणी दुधाची पिशवीसुद्धा तपासायला दिली नव्हती. आणि आता हे अख्खं केंद्र हाती आलं होतं. बरं न होणाऱ्या माणसांना शेवटचे दिवस सुखानं काढता यावेत म्हणून लातूरच्या बाहेर, नांदेड रोडला कुठल्याशा ट्रस्टनं ते चालवलं होतं. सिद्रामप्पांच्या अंगात वारं भरलं होतं.

योजना मल्लेशची, म्हणजे त्यांच्या मुलाची. त्याचे फिजिक्सचे क्लासेस होते, चौकाचौकात स्वतःच्या फोटोचे बोर्ड होते आणि कुठल्याही अडचणीवर त्याच्याकडे एकच उपाय होता : आधी डेमो. उन्हाळ्यात तो रिपोर्ट घेऊन आला. बापाला बाजूला घेऊन त्यानं सांगितलं, की अव्वाचं, म्हणजे त्याच्या आईचं, उमाबाईंचं, काही खरं न्हाई. तिला अशा ठिकाणी ठेवावं लागंल, आणि एकदा ठेवलं की घरी आणायचं न्हाई, तेव्हा निवडताना चूक चालायची न्हाई. तर आप्पा, तुम्हीच पेशंट होऊन चार दिवस राहा, आतून तपासा, अव्वा सोबतीला राहील. सिद्रामप्पांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि काम घेतलं.

पहिलं ठिकाण त्यांनी दारातच नापास केलं. तिथं 'शंभर टक्के समाधान' असा बोर्ड होता. "तक्रार सांगायला परत कोण येणार होतं?" एवढंच विचारून ते रिक्षात बसले.

इथं मात्र रंग भरत होता. सोंग वठवायला कष्ट नव्हते. उन्हाळ्यापासून जेवण कमीच झालं होतं. असे रिपोर्ट घरात आल्यावर कुणाचं वाढतं? उमाबाईंचं तेवढं उलट होतं. आजार अंगावर काढण्यात त्या एवढ्या पटाईत, की दोन भाकऱ्या संपवून वर ठेच्याची वाटीही पुसून घ्यायच्या.

केंद्राची नवी इमारत स्लॅबची होती. तिथं टाइल्स होत्या, टीव्ही होता. सिद्रामप्पांनी मागची जुनी पत्र्याची खोली मागितली. भूकंपात गावातलं घर बसलं, तेव्हापासून उमाबाईंना स्लॅबखाली झोप येत नव्हती. खोलीतही त्यांनी रोग्याच्या खाटेपेक्षा सोबतीचीच खाट जास्त तपासली. दणका दिला, गादी दाबली, दार किती लांब ते पाहिलं.

"आप्पा, पेशंटची खाट बघा की," मल्लेश म्हणाला.

"बघतो की."

अंग पुसताना बानोनं गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावायच्या आधी विचारलं. शेरा : समाधानकारक. औषध म्हणून नुसतं साखरेचं पाणी देतील, असं मल्लेशनं सांगून ठेवलं होतं. साखरेचं पाणी कडू होतं. सिद्रामप्पांनी ते शेरा न मारता पिऊन टाकलं.

दुपारी गप्पांच्या ओघात त्यांनी बानोला आपल्या नोकरीतली गंमत सांगितली. तपासणीच्या दिवशी पटसंख्या भरायला मास्तर शेजारच्या गावची पोरं उसनी आणून बसवायचे. यांना ती दारातूनच ओळखू यायची, कारण उसनी पोरं फार शहाण्यासारखी बसतात.

"मग तुम्ही त्यांना हजेरीतून काढायचे का?"

"कधीच न्हाई. मास्तरचे हात थरथरत असायचे."

बानो हसली. तेवढ्यात त्यांनी खरी परीक्षा घेतली. कुणा पेशंटनं 'मी मरणार का' असं विचारलं, तर इथं काय सांगतात?

बानो स्टूल ओढून बसली. "मी खोटं बोलत न्हाई, आप्पा. अन् विचारल्याबिगर खरं सांगत न्हाई. तुम्हाला विचारायचंय का?"

सिद्रामप्पांनी चादर छातीपर्यंत ओढून घेतली. मग आयुष्यात पहिल्यांदाच हा शेरा मारला : उत्कृष्ट.

चौथ्या दिवशी सकाळी मल्लेश निकाल ऐकायला आला. उमाबाई रात्रभर एकदाही न उठता झोपल्या होत्या, हे सिद्रामप्पांनी त्याला दोनदा सांगितलं.

"पास," ते म्हणाले. "हीच खोली, हीच खाट. उमा आता हितंच राहील."

मल्लेश खिडकीकडे वळला आणि समोरच्या बोर्डावरचा आपलाच फोटो पहिल्यांदा पाहिल्यासारखा बघत राहिला. उमाबाईंनी पदर तोंडाला लावला. मग मायलेक चहाला बाहेर गेले.

बानो चादर नीट करायला वाकली. "आप्पा, त्या दिवशी तुमचं विचारायचं राहूनच गेलं."

खिडकीतून रस्त्यावरचा चहा-भज्यांचा गाडा दिसत होता. उमाबाई भज्यांची दुसरी प्लेट घेत होत्या.

"विचारायचं काय त्यात? पोट माझं हाय. ते रिपोर्ट कुणाचे, हे मल्लेशनं तोंड उघडायच्या आधीच मला ठाऊक होतं," सिद्रामप्पा म्हणाले. "ती बघा, तिथं बसलीय ती उसनी पोर. मी हाय तोवर तिला हजेरीतून काढू नका. पत्र्याची खोली तिच्यासाठीच मागितली, सिस्टर. माझं काय, मला आता कुठंही झोप लागंल."