पोर्ट थोडं पुढे चालतंय

माझा ड्रायव्हर प्रोग्रॅम चालला. म्हणजे असं काही घडलेलंच नाही, असं समजा. आमच्या व्यवस्थापक सुरेखा मॅडमनी सगळ्यांना तसंच समजायला सांगितलंय.

सुप्याच्या आमच्या कारखान्यात प्रेस मशीनचे निरोप सिरियल पोर्टमधून संगणकावर रखडत यायचे. म्हणून पोर्टला वेगवान घड्याळ देणारा ड्रायव्हर, म्हणजे संगणकाच्या गाभ्यात चालणारा छोटा प्रोग्रॅम, मी लिहिला आणि आज दुपारी चढवला. निरोप इतके वेगात यायला लागले, की पत्रा दाबायच्या आधीच 'पत्रा दाबला' असं दिसायचं.

मॅडम म्हणाल्या, "वेगवान मागितलं होतं, आगाऊ नाही."

तीन वाजता पडद्यावर ओळ आली: प्रेस तीन, आपत्कालीन थांबा, ४:१०.

प्रेस तीनवर गहिनीनाथकाका असतात. दोन्ही हात सुरक्षित राहावेत म्हणून मशीनला दोन्ही हातांनी एकदम दाबायची दोन बटणं आहेत. काकांनी त्यातलं एक चिकटपट्टीने कायमचं दाबून ठेवलं होतं. मोकळा हात तंबाखूला लागतो.

"काका, पट्टी काढा."

"काढली बाबा. लई घाबरतो तू."

मी जुना ड्रायव्हर चढवला. ओळ पुन्हा आली. पोर्टची केबल उपटली. केबल माझ्या हातात असताना ओळ पुन्हा आली. प्रेसचा मेन स्विच पाडला.

"काका, घरी जा."

"आन् हजेरीचं बोट कोन लावील, तू व्हय? शिफ्ट साडेचारला सुटती."

आत्ता चार वाजून नऊ मिनिटं झालीत. बंद प्रेस आतून हळूच गुरगुरली. काका ऐकायला वाकलेत.

प्रति, मा. व्यवस्थापक: आजच्या दिवसातून ४:१० हे मिनिट तातडीने वगळण्यात यावे, ही नम्र विनंती.