जखमेचं माप

तीर्थपुरीच्या बदरोद्दीन टेलरचाचांच्या टाचेची जखम साखरेच्या आजारामुळे भरत नव्हती. जालन्याच्या डॉक्टरबाईंनी फवारा दिला. “यातलं प्रथिन शरीरच बनवतं, चाचा. ते पेशींना वाढा म्हणून सांगतं. तुमच्यात कमी पडतंय. पाय टेकवू नका. महिन्यानं जखमेच्या मापाचा कागद कापून पाठवा.” महिनाअखेर मैमूनाचाचींनी टेपनं जखम मोजली, चाचांनी कागद कापला. तो पाहून बाईंचा चेहरा उतरला. जखम तसूभरही लहान झाली नव्हती! पाय काढावा लागणार, या धास्तीनं त्यांनी चाचांना बोलावून पट्टी सोडली. आत बटणाएवढीच जखम उरली होती. “मग हा एवढा कागद कसा?” चाचा ओशाळले. “चाळीस वर्षांची सवय, म्याडम. चौफेर शिलाईचा अर्धा इंच सोडून कापलाय.” बाईंनी हसत कात्रीनं कडा छाटल्या आणि कागद टाचेवर धरला. चाचांनी वाकून पाहिलं. “फिटिंग बराबर हाय.”