सहावा खांब

पेरू देशातून विणकाम शिकवायला आलेल्या नासारियाबाईंनी यतीनच्या कमरेभोवती खुर्चीसकट दोर गुंडाळला, मागे गाठ मारली आणि ती दोनदा ओढून पाहिली. समाधान झाल्यावर बैलाच्या पाठीवर मारावी तशी त्याच्या खांद्यावर एक थाप मारली. दुभाषी म्हणून आलेल्या कॅरिसने सांगितलं की पेरूच्या डोंगरात या गाठीने लामा नावाची लोकरी जनावरं बांधतात, आणि आजवर कुठल्याही लामाची तक्रार आलेली नाही.

कार्डिफच्या त्या कम्युनिटी हॉलमध्ये खांब पाच होते आणि विणायला शिकणाऱ्या बायका सहा. नासारियाबाईंच्या मागाला चौकट नसते. उभ्या धाग्यांचं एक टोक खांबाला बांधायचं, दुसरं एका काठीला, काठी पट्ट्याने विणणारीच्या कमरेला अडकवायची, आणि तिने मागे रेलून ताण धरायचा. रेडिएटरला काही बांधायला केअरटेकरची सक्त मनाई होती. योगाच्या क्लासमध्ये असाच एक रेडिएटर भिंतीतून निघून आला होता. मग सगळ्यांनी यतीनकडे पाहिलं. तो नुसता बायकोला सोडायला आला होता.

खरं तर तो सांगायला आला होता. दोन आठवड्यांपूर्वी ऑफिसने त्याला विचारलं होतं की नागपूरला परत जातोस का, आणि त्याने ‘हो, आम्ही येतो’ असं सांगून टाकलं होतं. त्यातल्या ‘आम्ही’पैकी मंजिरीला हे अजून माहीत नव्हतं. मंजिरी हॉस्पिटलमध्ये नर्स होती, वर्क परमिट तिचं स्वतःचं होतं, आणि मागच्याच महिन्यात तिला आणखी तीन वर्षं मिळाली होती. त्या आनंदात तिने या वर्कशॉपला नाव दिलं होतं. उद्या सकाळी दहाला घरमालक नवे भाडेकरू घेऊन फ्लॅट दाखवायला येणार होता. म्हणजे आज सांगणं भाग होतं. गाडीत सांगायचं असं त्याने पक्कं केलं होतं, पण पार्किंग लगेच मिळालं.

आता ती त्याच्यासमोर सहा फुटांवर बसली होती, आणि तिच्या हातात लामाच्या पायाचं हाड होतं. त्याला रुकी म्हणतात. त्याला टोक काढलेलं असतं. आडवा धागा घातला की हे टोक उभ्या धाग्यांत खुपसायचं आणि झटक्याने आपल्याकडे ओढायचं. मंजिरीचा हात पहिल्या तासातच बसला. इंजेक्शनांची सवय.

खांबाला पुढे वाकता येत नाही, हे यतीनला लवकर कळलं. वाकलं की धागे ढिले पडतात, ढिले पडले की गुंततात, आणि मग नासारियाबाई हातातली टकळी न थांबवता येतात आणि दुसऱ्या हाताने त्याला सरळ करून जातात. एसएमएस करावा असंही त्याच्या मनात येऊन गेलं, पण नोकिया कोटात होता आणि कोट दाराजवळच्या खुंटीला.

दुसरी गोष्ट त्याच्या जरा उशिरा लक्षात आली. विणून झालेला पट्टा विणणारी आपल्या पोटाशी गुंडाळत जाते आणि तेवढी पुढे सरकते. म्हणजे मंजिरी येत होती. तासाला वीतभर, पण येत होती.

साडेबाराला ती चार फुटांवर होती आणि खुशीत होती. तिने सांगितलं की हा पट्टा ती पॅसेजमध्ये लावणार, आणि उन्हाळ्यात त्या भिंतीला रंग देणार. घरमालकाला जरा विचारून ठेव, म्हणाली.

“तो उद्या येतोय,” यतीन म्हणाला.

“कशाला?”

यतीनने सांगितलं. खांबाला जितकं ताठ बसून सांगता येईल तितकं ताठ बसून सांगितलं. नागपूर, जून महिना, कंपनीची तिकिटं, दोघांची. आईला कळवून झालंय हेही सांगितलं, जे सांगायचं नव्हतं.

मंजिरीने हाड धाग्यांत खुपसलं आणि ओढलं. यतीन दोन इंच पुढे आला आणि परत मागे गेला.

“माझ्या वतीने तूच हो म्हणालास.”

“तुला विचारणारच होतो. तुझ्या नाइट्स चालू होत्या.”

तिने आणखी दोन ओळी विणल्या, चांगल्या घट्ट. यतीनला एकच आधार वाटत होता की ती चिडून उठली तर सगळे धागे गुंततील, म्हणून ती उठणार नाही.

मंजिरीने कमरेचा पट्टा काठीवरून सहज काढला. विणणारीकडचं टोक नुसतं अडकवलेलं असतं. गाठ फक्त खांबाकडे असते. तिने माग नीट गुंडाळला, त्याच्या मांडीवर ठेवला, हाड मधे खोचलं आणि सँडविचच्या टेबलाकडे गेली.

यतीनने मागे हात नेऊन गाठ चाचपली. मग त्याने मंजिरीला हाक मारली, आधी हळू, मग जरा मोठ्याने. टेबलापाशी तिने काकडीचं सँडविच निवडलं, ते आवडलं नाही म्हणून चीजचं घेतलं.

तेवढ्यात उशिरा आलेल्या एक आजीबाई आपला माग काखेत घेऊन हॉलभर खांब शोधत फिरू लागल्या. पाचही खांब अडलेले होते. त्या यतीनपाशी थांबल्या, त्याच्याभोवती एक फेरी मारून दोर किती जाड आहे ते पाहिलं, आणि त्याला काही न विचारता पलीकडे मंजिरीला विचारलं की हा मोकळा आहे का.

मंजिरीने चहाचा घोट घेतला.

“आहे ना,” ती इंग्रजीत म्हणाली. “पण जूनपर्यंतच.”