देवीचा उजवा कौल

देवीच्या डाव्या अंगाची पाकळी पडली.

गाभाऱ्यात मधुकर भट उभे होते. उघडे अंग, डाव्या खांद्यावरून उतरलेले जानवे, जोडलेले हात. उंबऱ्याबाहेर सेजल मोबाईल धरून होती. पाकळी समईच्या पायाशी आली आणि तिथेच राहिली. कौल लावताना देवीच्या दोन्ही अंगांना पाकळ्या चिकटवतात; उजव्या अंगाची पडली असती तर होय. डावी म्हणजे नाही. आणि भटांनी विचारले होते ते असे: "आई, व्हाळातले मासे मेले ते मेले. बाजूच्या विहिरीचे पाणी लेकरांनी प्यावे ना?"

सेजलने रेकॉर्डिंग थांबवले. डोंगरामागच्या कारखान्याच्या जनसंपर्क विभागात लागल्यापासून तिने रक्तदान शिबिरे, वृक्षारोपण आणि मोठ्या साहेबांचे वाढदिवस टिपले होते. त्यात कोणी कधी 'नाही' म्हटले नव्हते.

विभागाचे प्रमुख निहार सर सभामंडपात बसले होते. चामड्याचा पट्टा काढून गाडीत ठेवण्याइतके ते श्रद्धाळू होते. कौलाचा व्हिडिओ करायची कल्पना त्यांचीच. कारखान्याखालच्या व्हाळात, म्हणजे ओढ्यात, मासे मेले तेव्हा कंपनीने पाणी सुरक्षित असल्याचा आपल्याच प्रयोगशाळेचा अहवाल फेसबुकवर टाकला होता; त्याला लाईक आले ते कर्मचाऱ्यांचे. मग मीटिंगमध्ये सर म्हणाले, "गावात देवीपेक्षा मोठी इन्फ्लुएन्सर कोण आहे?" सगळ्यांनी माना डोलावल्या. देवळात चिटपाखरू नसेल अशी दुपार निवडली, तीही त्यांनीच.

"काय झालं?" त्यांनी बसल्या जागेवरून विचारले.

"डावी, सर."

"हरकत नाही. भटमामा, एक रिटेक घेऊया."

मधुकर भट वळले. "देवीक परत परत विचारूक येना, साहेब. तिना एकदा सांगला म्हणजे सांगला."

"बरोबर आहे, बरोबर आहे." सर उठून उंबऱ्यापाशी आले. "गौरेश काय म्हणतो? पॅकिंगमध्येच ना अजून? त्याचं कॉन्ट्रॅक्ट या महिन्यात संपतंय वाटतं."

गौरेश हा भटांचा मुलगा. भटांनी देवीकडे पाहिले, मग समईच्या पायाशी पडलेल्या पाकळीकडे.

"मी कायच बघूक नाय," ते म्हणाले. "माझो चष्मो घरी रवलो."

चष्मा त्यांच्या नाकावर होता.

गाडीत सरांनी सेजलला सांगितले की देवीच्या कामात ढवळाढवळ करायची नाही. फक्त चित्र आरशासारखे फिरवायचे. मोबाईलमध्ये त्याला एक बटण असते. सेजलने ते दाबले आणि पाकळी देवीच्या उजव्या अंगाने पडली.

निहार सर बारकाईचा माणूस. मागे देणगीदारांची पाटी दिसत होती, अक्षरे उलटी झाली होती. ती त्यांनी कापायला लावली. भिंतीवरचे घड्याळ कापायला लावले. आरती डाव्या हातात दिसत होती; ती तर सगळीच काढली. "लोक असलं लगेच पकडतात," ते म्हणाले. उरले देवी, पाकळी आणि कमरेपर्यंतचे भट. त्यांनी पुन्हा दोनदा पाहिले आणि अंगठा वर केला.

"कंपनीच्या पेजवर, सर?"

"छे, छे. तुझ्या अकाउंटवरून. गावची मुलगी आहेस, तुझ्यावर विश्वास बसेल." मग जरा थांबून म्हणाले, "तुझं प्रोबेशन अजून चालू आहे ना?"

सेजलने व्हिडिओ टाकला. गाडी गावाच्या वेशीपर्यंत पोचेपर्यंत पन्नासेक जणांनी हात जोडले होते. प्रत्येक जोडलेल्या हातांबरोबर तिचा मोबाईल मांडीवर थरथरत होता. शेवटी तिने तो उपडा ठेवला.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा मासे मेल्यापासून येणारा पाण्याचा टँकर नेहमीच्या जागी उभा होता आणि त्याच्यापाशी कोणी नव्हते. रांग विहिरीवर होती.

आईने, शालिनीने, दारातच कळशी दाखवली. "बघ. विहिरीचा. टँकराच्या पाण्याक कसली चव नाय गो. शेजारच्या देवकीन तर नातवाकसुद्धा पाजला. म्हणाली, आमच्या सेजलान व्हिडिओ घातला म्हणजे खोटा कशाक आसतला?"

"आई, तू प्यालीस?"

"तुझ्यासाठी थांबलंय. आधी तू पी. देवीचो प्रसादच तो."

आईने पेला भरून तिच्या हातात दिला. पाणी स्वच्छ दिसत होते. मासे मेले तेव्हा व्हाळाचे पाणीही स्वच्छच दिसत होते.

आई पायरीवर बसली आणि मोबाईल डोळ्यांजवळ धरून पुन्हा एकदा देवीचे दर्शन घेऊ लागली. बाहेर विहिरीचा रहाट कुरकुरत होता. एक घागर वर आली की दुसरी खाली जात होती.

"गो चेडवा," आई म्हणाली, "भटमामांच्या घरातला कोण गेला काय?"

"नाय. का गे?"

"मगे जानवा उजव्या खांद्यार कसा?"

सेजलने मोबाईलकडे वाकून पाहिले.

"तुका म्हायत नसतला. मी त्यांच्याकडे कामाक होतंय म्हणून माका म्हायत." आईने मोबाईल आणखी जवळ घेतला. "देवाचा करताना जानवा डाव्या खांद्यार. उजव्या खांद्यार घेतत तां मेलेल्यांचा करताना."

विहिरीवर कोणाची तरी घागर धप्पकन पाण्यावर आपटली.

"देवीच्या फुड्यात उभे रवान," आईने विचारले, "कोणाचा श्राद्ध घालतत ते?"